एका ठिपक्यात एक गुंठा : नववीच्या वर्गात उपग्रहचित्रांचं एक वर्ष

इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या बॅकवॉटरलगतच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी भूगोल शिकवते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात नववीला, आणि थोडंफार दहावीलाही, उपग्रहाच्या चित्रांवरून भूगोल शिकवला. वर्ष संपता संपता आसपासच्या शिक्षकांचे फोन येऊ लागले. चित्रं मिळतात कुठं, पैसे लागतात का, परवानगी कुणाची, अभ्यासक्रम मागे पडत नाही का? फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं. म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे.

या सगळ्याला सुरुवात झाली एप्रिल २०२४ मध्ये. २०२३ च्या पावसाळ्यात उजनी पूर्ण भरलंच नव्हतं, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी झपाट्यानं उतरत होतं. एरवी पाण्याखाली असणारं पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं होतं आणि ते बघायला लांबून माणसं येत होती. घरोघरी एकच बोलणं : धरण मायनसमध्ये गेलं. आठवीतल्या एका मुलानं वर्गात विचारलं, "मॅडम, टक्के उणे कसे असतात? शून्याच्या खाली पाणी असतं का?"

प्रश्न रास्त होता. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, वरचं सुमारे ५४ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. तो संपला की शून्य, आणि मृतसाठ्याला हात लागला की उणे. पुढं जूनच्या सुरुवातीला तर आकडा उणे ५९ च्या आसपास गेला. फळ्यावर आकृती काढून मी हे समजावलं. मुलांना हिशेब कळला, पण पाणी नेमकं कुठून कुठवर मागे गेलं, कुणाच्या शिवारासमोर कोरडं पडलं, हे फळ्यावर दाखवता येईना. भूगोलाचा तास आणि मुलं रोज बघतात तो भूगोल यांच्यात एवढं अंतर का राहावं, हे मनाला लागून राहिलं.

त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कोपर्निकस ब्राउझर हे संकेतस्थळ उघडलं. युरोपीय संघाच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रं तिथं फुकट बघता येतात. नुसतं बघायला खातं लागत नाही. चित्र उतरवून घ्यायचं तर ईमेल देऊन खातं उघडावं लागतं, तेही मोफत. शोधायच्या चौकोनात गावाचं नाव टाकायचं, सेंटिनेल-२ निवडायचं, ढगांची मर्यादा वीस टक्क्यांच्या आत ठेवायची आणि तारीख मागेपुढे करायची. या मालिकेतला पहिला उपग्रह २०१५ मध्ये सुटला, २०१७ मध्ये जोडीला दुसरा आला, आणि जोडी मिळून दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून जाते. आपल्याकडं सकाळी अकराच्या सुमारास. पुढं वर्गात हे सांगितल्यापासून मुलं तारखा मोजून ठेवू लागली आणि "आज चित्र निघणार, आज आभाळ मोकळं आहे" असं मलाच सांगू लागली.

मे महिना चित्रं जमवण्यात गेला. इथं एक सांगून ठेवते. उपग्रहाचा पूर्ण तुकडा उतरवायला जाऊ नका. तो १०० किलोमीटर लांब-रुंद भागाचा असतो, फाइल एक जीबीच्या घरात जाते आणि उघडायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. आपल्याला हवा तेवढा भाग पडद्यावर आणायचा आणि तेवढ्याचं साधं जेपीजी उतरवायचं. फाइलच्या नावात तारीख आणि रंगयोजना लगेच लिहायची, नाहीतर महिन्याभरानं सगळी चित्रं सारखीच वाटतात. प्रत्येक चित्रावर 'कोपर्निकस सेंटिनेल' आणि वर्ष असा श्रेयाचा उल्लेखही हवा, ती त्यांची अट आहे.

आपल्या इस्रोचं भुवन हे संकेतस्थळही मी याच काळात शिकून घेतलं. २००९ पासून ते चालू आहे आणि जमीन कशासाठी वापरली जाते याचे त्यावरचे नकाशे वर्गात फार उपयोगी पडतात. भारतीय उपग्रहांची मूळ चित्रं हवी असतील तर भूनिधी हे वेगळं दालन आहे, तिथं नोंदणी करावी लागते. शिवाय देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत असतात. व्याख्यानं इंग्रजीत आहेत, पण सावकाश ऐकली तर समजतात. मी एक पूर्ण केला. निकट अवरक्त, वर्णपट, परावर्तन हे शब्द आपण पुस्तकातून वाचतो. त्यांचा चित्राशी संबंध मला तिथं नीट कळला.

शाळा सुरू झाल्यावर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापक सरांकडं रीतसर अर्ज दिला. सरांना विषय आवडला, पण शंका दोन होत्या. पहिली, धरणाची उपग्रहचित्रं शाळेत वापरायला सरकारी परवानगी लागते का. ही शंका बऱ्याच शाळांत निघते. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं १५ फेब्रुवारी २०२१ रोजी भू-स्थानिक माहितीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांसाठी पूर्वीची परवानग्यांची अट काढून टाकली. त्यांची प्रत काढून मी अर्जाला जोडली आणि शंका तिथंच मिटली. तुम्हीही अर्जासोबतच ती प्रत जोडा, म्हणजे कागद मागं-पुढं फिरत नाही.

दुसरी शंका पैशांची. प्रोजेक्टरसाठी तीन दुकानांची दरपत्रकं लागली. ती गोळा केली, तुलनात्मक तक्ता केला, जावक क्रमांक घालून प्रस्ताव वर पाठवला. त्यात जुलै सरला. ऑगस्टमध्ये त्रुटी निघाली : एका दरपत्रकावर जीएसटी क्रमांक नव्हता. तो दुरुस्त करून पुन्हा पाठवला. उत्तर आलं डिसेंबरात, 'पुढील आर्थिक वर्षात विचार करण्यात येईल' असं. वाट बघण्याचा त्रास झाला, हे खरं आहे. वर्ग समोर असतो, सामान नसतं, आणि आठवडे निघून जातात. पण तोवर आम्ही दुसरी वाट धरली होती आणि आज मला तीच बरी वाटते.

ती वाट छापील चित्रांची. इंदापुरात फ्लेक्स आणि झेरॉक्सच्या दुकानात ए-थ्री आकाराची रंगीत प्रत आणि तिचं लॅमिनेशन मिळून ९० रुपये पडले. पहिल्या संचात बारा चित्रं, १,०८० रुपये. सरांनी सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या रकमेतून, सातशे दिले, बाकीचे मी घातले. लॅमिनेशनवर पांढऱ्या फळ्याच्या पेननं खुणा करता येतात आणि ओल्या फडक्यानं पुसता येतात. पाच-सहा मुलं एका चित्राभोवती डोकी घालून बसतात, बोट ठेवतात, भांडतात. मोठ्या पडद्यावर हे घडत नाही. तिथं पुढच्या बाकावरची चार मुलं बोलतात. पडदा लागलाच तर शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत लोकवर्गणीतून घेतलेला स्मार्ट टीव्ही आहे, तिथल्या गुरुजींनी तो शनिवारी सकाळी मोकळा करून दिला.

पहिल्या तासाला धरणाचं नाव न सांगता मेमधलं चित्र दिलं, नैसर्गिक रंगातलं. दोन मिनिटं शांतता. मग एकीनं भीमेचं वळण ओळखलं, तिथून रेल्वेचा पूल सापडला, तिथून रस्ता, आणि मग प्रत्येकाला आपलं घर शोधायचं होतं. घर दिसत नव्हतं. का दिसत नाही, हा पुढचा धडा.

सेंटिनेल-२ च्या चित्रातला सर्वांत बारीक ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असतो. म्हणजे १०० चौरस मीटर. आणि आपला गुंठा, तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, भरतो सुमारे १०१ चौरस मीटर. हे जुळलेलं बघून मला मनापासून आनंद झाला, कारण आमच्या मुलांना चौरस मीटर पाठ करावा लागतो, गुंठा त्यांच्या घरात बोलला जातो. सातबाऱ्यावर तो असतो, भावकीच्या वादात तो असतो. ऑगस्टच्या अखेरीस उघडीप मिळाली तेव्हा नायलॉनची दोरी आणि चार खुंट्या घेऊन आम्ही मैदानावर दहा मीटरचा चौकोन आखला. दोरी आणि खुंट्यांचे १८० रुपये झाले. काटकोन जमावा म्हणून ३-४-५ चा नियम वापरला, त्यामुळे गणिताचे सरही येऊन उभे राहिले. सगळा वर्ग चौकोनात उभा केला तरी जागा उरली. मग मी विचारलं, उपग्रहाला यातलं काय दिसेल? एकही मूल वेगळं दिसणार नाही. आतली माती, गवत, डोकी, दप्तरं या सगळ्यांचा मिळून एकच रंग जाईल. "म्हणजे सरासरी," असं मागून कुणीतरी म्हणालं. तो तास माझ्या मते वर्षातला सर्वांत मोलाचा तास होता. त्यानंतर चित्रातले ठिपके मोजून एकराचा अंदाज बांधणं मुलांना सोपं गेलं : चाळीस ठिपके, एक एकर. लँडसॅट या अमेरिकन उपग्रहाचा ठिपका तीस मीटरचा, म्हणजे जवळपास नऊ गुंठ्यांचा. दोन गुंठ्यांतली मेथी त्यात का दिसणार नाही, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

त्याआधी जुलै मात्र ढगांनी खाल्ला. शाळा सुरू होते आणि नेमकं त्याच वेळी आभाळ भरतं. जून ते सप्टेंबर सेंटिनेल-२ च्या चित्रात पांढरे ढग आणि त्यांच्या काळ्या सावल्या, दुसरं काही नाही. त्या सावल्यांना मुलं हमखास पाणी समजतात. शेजारी तसाच आकाराचा ढग आहे का, हे बघायची सवय लावली. याच निमित्तानं रडारची ओळख झाली. सेंटिनेल-१ हा उपग्रह सूर्यप्रकाशावर अवलंबून नाही. तो स्वतः लहरी सोडतो आणि परत आलेल्या मोजतो. त्या लहरी ढगांतून पार जातात, रात्रीही चालतात. संथ पाण्यावर पडल्या की पुढंच परावर्तित होऊन निघून जातात, उपग्रहाकडं परतत नाहीत, म्हणून पाणी काळं दिसतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उजनी शंभर टक्के भरल्याची बातमी आली तेव्हा आमच्याकडं जूनचं आणि ऑगस्टचं अशी रडारची दोन चित्रं शेजारी शेजारी होती. जूनमधली बारीक काळी नागमोडी रेघ ऑगस्टमध्ये फांद्या फुटून अख्खा कागद व्यापून बसली होती. मृतसाठा आणि उपयुक्त साठा यांचा हिशेब मी पुन्हा काढला. या वेळी विचारणारा मुलगा स्वतःच बोटानं दाखवत होता, इथवर मायनस, इथून पुढं प्लस.

कृत्रिम रंगांचं चित्र समजावणं मला सर्वांत अवघड वाटत होतं. त्यात झाडं, पिकं लाल दिसतात आणि पहिली प्रतिक्रिया असते की चित्र चुकलं. म्हणून आधी टीव्हीचा रिमोट आणला. रिमोटच्या टोकाचा दिवा डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिलं की बटण दाबताच चमकतो. डोळ्याला न दिसणारा प्रकाश असतो, हे एकदा बघितलं की पटतं. सगळ्या फोनवर दिसत नाही, आधी आपल्या फोनवर करून बघा. मग पुढचं : जोमदार हिरवं पान लाल प्रकाश अन्न तयार करायला शोषून घेतं आणि निकट अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं. तो न दिसणारा प्रकाश आपल्याला दिसावा म्हणून चित्रात त्याला लाल रंग दिला. झाडा-पिकांची हिरवाई मोजणारा एनडीव्हीआय हा निर्देशांक याच फरकावर उभा आहे : निकट अवरक्तातून लाल वजा करायचं आणि दोघांच्या बेरजेनं भागायचं. उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये उत्तर येतं. नववीला हे गणित जमतं. लोणारचं सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं, ते चित्रही याच तासाला दाखवलं आणि विचारलं, हा रंग दिलेला की खरा? तिथला रंग खराच होता, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे आलेला. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की फरक पक्का होतो.

मग मेमधलं उजनीचं कृत्रिम रंगांतलं चित्र वाटलं. कोरड्या पडलेल्या पात्रात लाल तुकडे होते आणि पाण्यावरही लालसर छटा होती. धरणात पीक कसं, यावर वर्गात चांगलाच वाद झाला. ज्यांच्या घरी मासेमारी आहे अशा एका मुलीनं दोन्हींवर बोट ठेवून सांगितलं, "ह्ये सरळ कडांचं हाय ते गाळपेर. माणसानं पेरलेलं. आन् ह्ये वाकडंतिकडं पाण्यावरचं शेवाळ हाय, नायतर जलपर्णी. उन्हाळ्यात जाळी हिरवी होऊन येती." पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत लोक मका, कडवळ घेतात, ती गाळपेर. आणि वरच्या शहरांतलं सांडपाणी भीमेतून इथं येतं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर उन्हाळ्यात शेवाळ माजतं. रंग दोघांचा सारखा, फरक आकाराचा. चित्रवाचनाची जी तत्त्वं पुस्तकात रंग, आकार, पोत, संदर्भ अशी दिलेली असतात ती तिनं आपल्या अनुभवातून लावली होती. मी फक्त फळ्यावर त्यांची नावं लिहिली.

चित्रात दिसतं ते खरंच तिथं आहे का, हे जाऊन बघणं हा या कामाचा कणा आहे. तेवढं वगळलं तर उपग्रहचित्र हे भिंतीवरचं आणखी एक रंगीत चित्र होतं. दिवाळीनंतर लगेच जायचं ठरलं होतं. पण २० नोव्हेंबरला विधानसभेची निवडणूक; प्रशिक्षणं, मतदान केंद्राची ड्यूटी यांत आमचे बरेचसे शिक्षक गुंतले. शिवार फेरी डिसेंबरवर गेली. परवानगीसाठी पालकांची संमतीपत्रं, मुलांची यादी, सोबतच्या शिक्षकांची नावं, प्रथमोपचार पेटी असं सगळं लागलं. सरांनी एक अट कडक घातली, पाण्याच्या काठाला कुणीही जायचं नाही. मे २०२४ मध्ये वादळात कळाशी आणि कुगावच्या दरम्यान बोट उलटून सहा जण गेले, ते दुःख इथल्या प्रत्येक घरात ताजं आहे. अट योग्यच होती. आम्ही शाळेपासून चालत जाता येईल असेच ठिकठिकाणचे तुकडे चित्रावर निवडले.

प्रत्येक गटानं घरूनच अंदाज लिहून आणला होता : इथं ऊस, इथं मोकळं रान, इथं झाडं. जागेवर पोचल्यावर फोनवर अक्षांश-रेखांश बघायचे, वहीत खरं पीक लिहायचं. ऊस आणि केळी यांत सगळ्यांची गफलत झाली, कारण दोन्ही दाट आणि दोन्ही वर्षभर हिरवी. विहीर कुणालाच चित्रात दिसली नव्हती. पत्र्याच्या मोठ्या पोल्ट्रीला एका गटानं मोकळं रान म्हटलं होतं. शेतकरी थांबून विचारत, काय चाललंय? मुलं त्यांना कागद दाखवत आणि ते आपलं रान लगेच ओळखत. एका आजोबांनी तर बांधाचा कोन बघून सांगितलं, की तारीख डिसेंबरच्या आधीची आहे, कारण कडेचा मका अजून उभा दिसतोय. खरोखरच ते नोव्हेंबरचं चित्र होतं.

ऊसतोड सुरू झाल्यावर मुलांनी आपापला एक प्लॉट धरला आणि दर पाच दिवसांच्या चित्रात तो लाल आहे की राखाडी झाला, याची वहीत नोंद ठेवली. कुणाची तोड कधी आली, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतंच, त्यामुळे पडताळा घरबसल्या होतो. मला वाटतं, ऊस पट्ट्यातल्या कुठल्याही शाळेला याच्यासारखा दुसरा उपक्रम नाही. खर्च शून्य, वेळ आठवड्याला दहा मिनिटं.

दहावीला वेळ कमी मिळाला. त्यांची बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होणार होती आणि जानेवारीत उजळणी. तरी भारत आणि ब्राझीलच्या तुलनेत ॲमेझॉनच्या जंगलतोडीपाशी मी एक तास थांबले. रोंडोनिया हे पश्चिम ब्राझीलमधलं राज्य. ऐंशीच्या दशकात तिथला बीआर-३६४ महामार्ग पक्का झाला, त्याला काटकोनात फाटे फुटले आणि फाट्यांच्या दोन्ही अंगांनी जंगल तुटत गेलं. वरून तो नमुना माशाच्या काट्यासारखा दिसतो. गुगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची वर्षं एकामागून एक सरकतात. ते बघताना वर्गात कुणी बोललं नाही. मग एकानं विचारलं, आधी रस्ता आला की आधी तोड? उत्तरपत्रिकेत जंगलतोडीची कारणं लिहिताना बऱ्याच मुलांनी पहिलं कारण रस्त्याचं लिहिलं आणि पुढं कुरणं, शेती. क्रम लागला होता.

फेब्रुवारीत नववीसाठी जुनी चित्रं काढली. पहिला लँडसॅट २३ जुलै १९७२ रोजी सुटला. अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेच्या अर्थ एक्सप्लोरर या संकेतस्थळावर खातं उघडून सत्तरच्या दशकातलं आमच्या भागाचं चित्र मिळालं. ठिपका साठ मीटरचा, निळ्या प्रकाशाची नोंदच नाही, त्यामुळे नैसर्गिक रंगात ते करता येत नाही. चित्र खरखरीत. पण त्यात धरण नाही. उजनीचं काम १९८० मध्ये पूर्ण झालं, त्याआधीची भीमा तिथं एका बारीक गडद रेघेसारखी वाहते आणि तिच्या दोन्ही काठांना लाल पट्टे, म्हणजे बागायत.

हे चित्र घेऊन आम्ही आजी-आजोबांना शाळेत बोलावलं. त्यांतले बरेच धरणग्रस्त. मी फक्त उत्तर दिशा कुठं आणि आजचं गाव कुठं, एवढं दाखवलं. एका आजींनी चित्र उचलून दाराजवळ उजेडात नेलं. नदीच्या एका वळणावर नख टेकवलं. "हितं आमची मळई. हितनं खाली उतरलं की डोह." मग नख सरकवत त्यांनी जुन्या गावाची वाट सांगितली : वेस, मारुती, तालीम, चिंचा. साठ मीटरच्या ठिपक्यात यातलं काहीही दिसत नाही. त्यांची नात वहीत लिहीत होती आणि मधे मधे थांबून आजच्या चित्रावर तीच जागा शोधत होती, जिथं आता सगळं काळं पाणी आहे. त्या दिवशी घंटा झाली तरी कुणी उठलं नाही, आणि पुढचा तास विज्ञानाच्या मॅडमनी आपणहून दिला. मुलांनी आजोबांच्या सांगण्यावरून बुडालेल्या गावांच्या जागा ट्रेसिंग पेपरवर उतरवल्या. तो नकाशा शाळेत लावला आहे. त्यात मोजमापाच्या चुका असतील, तरी ज्यांनी ती वाट तुडवली त्यांच्याकडून तो काढून घेतलेला आहे आणि असा दुसरा आमच्या गावाकडं नाही.

एप्रिल २०२५ मध्ये गाळपेर बघायला गेलो, वार्षिक परीक्षा संपल्यावर, तीच संमतीपत्रं पुन्हा भरून. तेव्हा पाणी आदल्या वर्षीइतकं उतरलं नव्हतं, त्यामुळे तुकडे कमी होते आणि काठाला होते. आदल्या मेच्या चित्रातला एक सरळ कडांचा लाल तुकडा या वेळी पाण्याखाली राहिला. का राहिला, हे मुलांनीच साठ्याच्या टक्केवारीवरून सांगितलं.

अभ्यासक्रमाचं विचाराल तर तो मागे पडला नाही. मी वेगळे तास घेतले नाहीत. नकाशावाचन, नदीचं कार्य, भूमी उपयोजन, पर्यावरण हे पाठ होतेच, ते चित्रांवरून घेतले. तयारीला मात्र वेळ लागतो, पहिल्या वर्षी रविवार जातात. संपूर्ण वर्षाचा खर्च प्रिंट, दोरी, ट्रेसिंग पेपर, जादा नेट पॅक धरून साडेतीन हजारांच्या आसपास आला. पुढच्या वर्षी तो निम्म्यावर येईल, कारण लॅमिनेशन केलेला संच टिकतो. प्रोजेक्टरचा प्रस्ताव एप्रिल २०२५ मध्ये नव्या दरपत्रकांसह पुन्हा दिला.

आता सुरू करणार असाल तर एक गोष्ट लगेच करा. उन्हाळ्याची चित्रं मेअखेरीस काढू म्हणून ठेवू नका. २०२५ च्या मेमध्ये आमच्याकडं अवकाळीनं झोडपलं, इंदापूर-बारामतीत पूर आले, आणि २६ मेला मान्सून मुंबईत पोचलासुद्धा. त्या महिन्याच्या उत्तरार्धातलं एकही स्वच्छ चित्र मला मिळालेलं नाही. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल या तीन महिन्यांतलं प्रत्येकी एक आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधलं एक, एवढी चार चित्रं आपल्या गावाची उतरवून ठेवा. जूनच्या पहिल्या तासाला तेवढी पुरतात.